यादीतून खोडलेलं विमान

हे वाचून कुणी हसलं तरी चालेल. मी वाद घालणार नाही. पण यातला एक शब्दही मी वाढवलेला नाही. उलट काही गोष्टी आम्ही वर्षभर दडवल्या होत्या, त्या आज पहिल्यांदा लिहितेय.

आणि एक आधीच सांगून ठेवते. यात रात्र नाही.

जे झालं ते लख्ख उजेडात झालं. जून महिन्यात, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. आमच्याकडे तेव्हा ऊन डोळ्यांवर येतं आणि सूर्य मावळायला चांगले दोन-अडीच तास असतात. गाव मोविला सेआका. बारागानचं सपाट रान. नजर जाईल तिथवर गहू आणि सूर्यफूल. मध्ये एक टेकाड नाही.

तिथे लपायला जागाच नाही. माणसाला नाही... आणि विमानाला तर नाहीच नाही.

माझं नाव स्मरांदा. होरिया माझा मोठा भाऊ. आम्ही दोघं ड्रोननं फवारणी करायचो. तो उडवायचा. मी शेजारी उभी राहून एक डोळा आकाशावर आणि एक स्क्रीनवर ठेवायची. टाकी भरणं, बॅटऱ्या बदलणं, तेही माझ्याकडेच.

आमच्या आधी त्या रानावर सिमियॉन ब्रातु फवारायचा. विमानानं. एकाच पंख्याचं, पिवळं, जुनाट विमान. एकतीस वर्षं तो तेच उडवत होता.

तो आता नाही, म्हणून त्याला चांगला म्हणायचं? मी म्हणणार नाही. खुनशी माणूस होता.

त्या रानाचे मालक मनोले साहेब. त्यांनी अर्धी शेतं आमच्या ड्रोनला दिली, त्या दिवसापासून त्यानं आमच्यावर डूख धरला. दुकानात भेटला की चारचौघांत सुरू व्हायचा.

"काय रे होरिया, आज पतंग नाही उडवलास? वारा पडला वाटतं."

"पतंगाचं बरं असतं काका. म्हातारपणी चष्मा लागत नाही त्याला."

दुकानातले हसले. सिमियॉन हसला नाही. त्यानं होरियाच्या छातीवर बोट टेकवलं.

"वरचं रान माझं आहे. तू खाली राहायचं. खाली राहिलास तर जगशील."

एवढं बोलून त्यानं खिशातून एक काळी डबी काढली. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. नवीकोरी.

"ही बघ. विमानात लावणार आहे. तुमच्या खेळण्याला कळायला हवं ना, मालक येतोय म्हणून!"

ती डबी काय करते, ते सांगते. तेवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

माणसं बसलेलं विमान आकाशात सारखं हाका मारत असतं. मी अमुक नंबरचं विमान. मी इथे आहे. इतक्या उंचीवर आहे. या बाजूला चाललोय. दर सेकंदाला. आपल्याला ऐकू येत नाही, पण ड्रोनला येतं. ड्रोनमध्ये त्यासाठी एक कान बसवलेला असतो. विमान लांब असेल तर रिमोटच्या स्क्रीनवर नुसतं छोटं विमान दिसतं. जवळ आलं की टिक्-टिक् सुरू होते. अगदीच जवळ आलं की एका बाईचा आवाज येतो.

"विमान जवळ आहे. ताबडतोब खाली उतरा."

आम्ही त्याला ऐकायचो. तो आम्हाला ऐकू शकत नव्हता. म्हणून नियम एकच होता... बाजूला व्हायचं ते ड्रोननं. कायम ड्रोननंच.

सिमियॉनला हा नियम पाठ होता.

तो मुद्दाम यायचा. स्वतःचं शेत सोडून आमच्या डोक्यावरून जायचा, इतक्या खालून की माझा रुमाल उडून जायचा. आम्ही ड्रोन उतरवायचो. तो निघून जायचा. आम्ही पुन्हा उडवला की पुन्हा यायचा. एका दिवसात सहा-सहा वेळा. टाकीतलं औषध तसंच राहायचं आणि मनोले साहेबांचा फोन यायचा, काम का झालं नाही म्हणून.

चौदा जून. मागच्या वर्षीची.

त्या संध्याकाळी तो दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा टिक्-टिक् सुरू झाली तेव्हा होरियाचा चेहरा पांढरा पडला होता. भीतीनं नाही. रागानं.

"उतरव, दादा," मी म्हटलं.

"नाही उतरवणार. आज नाही. आज त्यालाच वळू दे."

त्यानं ड्रोन उतरवला तर नाहीच, उलट वर नेला. पंचवीस मीटर. बरोबर सिमियॉनच्या वाटेवर.

रिमोटमधली बाई बोलायला लागली. विमान जवळ आहे. ताबडतोब खाली उतरा. विमान जवळ आहे...

"तो आवाज बंद कर गं!" होरिया ओरडला. त्याचे दोन्ही हात रिमोटच्या काड्यांवर होते.

बटण मी दाबलं.

माझ्या अंगठ्यानं.

सिमियॉनला ड्रोन अगदी शेवटी दिसला असावा. विमान एकदम कुशीवर झालं. डावा पंख पॉप्लरच्या उंच झाडांच्या रांगेत घुसला. पुढचं मी लिहीत नाही.

चौकशीला आलेल्या माणसांना आम्ही सांगितलं की ड्रोन जमिनीवर होता. दोघांनी तेच सांगितलं. दोघांनी सह्या केल्या. वय झालं होतं, नजर चुकली, असं कागदावर लागलं आणि ते विमान सरकारी यादीतून खोडलं गेलं.

गावानं मात्र मानलं नाही. कुणी तोंडावर बोललं नाही एवढंच. बेकरीवाली माझ्याकडे न बघता पाव ठेवायची. आमच्या गाडीची चाकं दोनदा फाडली. आमच्या फाटकावर कुणीतरी पिवळा रंग ओतला.

आम्ही निमूट काम करत राहिलो. आता तर सगळीच शेतं आमच्याकडे होती.

वर्ष झालं. सिमियॉनच्या वर्षश्राद्धाला सगळं गाव चर्चमध्ये गेलं. आम्ही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी, पंधरा जूनला, आम्ही पॉप्लरच्या शेजारच्या सूर्यफुलात होतो. रोपं गुडघ्याएवढी. आकाश धुतल्यासारखं.

सहा वाजून चौतीस मिनिटं झाली होती. मी स्क्रीनकडे बघितलं.

कोपऱ्यात... एक छोटं विमान.

"दादा, विमान आहे. तीन किलोमीटर."

"कुठलं?"

मी मान वर केली. काहीच नव्हतं. बारागानमध्ये तीन किलोमीटरवरचं विमान न दिसणं शक्य नाही. निदान आवाज तरी यायला हवा.

आवाजही नव्हता.

होरियानं ड्रोन गुपचूप खाली आणला. आता तो नियम मोडत नसे. स्क्रीनवरचं विमान एक गोल फिरलं आणि नाहीसं झालं.

"कुणी शहरातला हौशी असेल," होरिया म्हणाला.

मी विमानाची उंची वाचली होती.

चार मीटर.

शहरातला हौशी माणूस चार मीटरवरून उडत नाही. चार मीटरवरून फक्त फवारणीवाले उडतात.

दोन दिवसांनी पुन्हा.

तीच वेळ. या वेळी विमान लांबून आलंच नाही. एकदम आठशे मीटरवर उगवलं. टिक्-टिक् सुरू झाली. आणि मला जाणवलं... चंडोल गप्प झालेत.

उन्हाळ्यात आमच्या रानात चंडोल कधी थांबत नाहीत. दिवसभर डोक्यावर किलबिल असते. ती कुणीतरी झाकण घातल्यासारखी बंद झाली. वारा पडला. सूर्यफुलाचं एक पान हलेना.

"उतरव... उतरव लवकर."

"उतरवलाय! बघ ना, जमिनीवर आहे!"

ड्रोन खरंच जमिनीवर होता. पंखे थांबले होते. रिमोट मात्र टिकटिकतच होता. पाचशे. चारशे.

होरियानं रिमोट माझ्या हातात कोंबला, धावत गेला आणि ड्रोनची बॅटरी उपसून काढली. ती हातात धरून माझ्याकडे वळला.

मघाशी सांगितलं ना, कान ड्रोनला असतो. रिमोटला नसतो. ड्रोन मेला की रिमोट बहिरा.

माझ्या हातातला रिमोट बोलला.

"विमान जवळ आहे. ताबडतोब खाली उतरा."

होरियाच्या हातातून बॅटरी पडली.

आम्ही खालीच होतो. आणखी कुठे उतरायचं होतं?

त्या दिवशी ते दोनशे मीटरवरून परत गेलं. होरिया घरी आल्यावर अर्धी बाटली त्सुइका प्यायला, तरी त्याला चढली नाही. मग त्यानं रेमुसला फोन लावला. रेमुस त्याचा शाळेतला मित्र, शहरात विमानं शिकवतो. प्रत्येक विमानाचा नंबर वेगळा असतो, तो दुसऱ्याला मिळत नाही. रिमोटमध्ये त्या नंबराची नोंद राहिली होती. होरियानं तो वाचून दाखवला.

रेमुसनं पाच मिनिटांनी परत फोन केला.

"कुठून आणलास हा नंबर?"

"का?"

"हे सिमियॉन ब्रातुचं विमान आहे. यादीतून खोडलंय. तुझी कुणीतरी खेचतंय, होरिया. त्याची डबी मलब्यात सापडली नव्हती म्हणे. कुणाच्या तरी हाती लागली असणार. चालू करून तुमच्या शेताजवळ बसत असेल."

हे ऐकून आम्हाला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. इतकं की होरिया हसायलाच लागला. माणूस आहे! माणसाचा बंदोबस्त करता येतो.

आणि असं करायला गावात एकच माणूस होतं. सिमियॉनची बायको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेतुरिया काकूंच्या दारात उभे राहिलो. त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. अंगावर काळे कपडे. आम्हाला बघून हात थांबला नाही.

"रस्ता चुकलात का?"

"काकू, डबी बंद करा," होरिया म्हणाला. "झालं ते झालं. हे खेळ बंद करा, नाहीतर मी पोलिसांत जाईन."

"कसली डबी?"

"काकांच्या विमानातली. नाटकं नकोत."

त्यांनी परात खाली ठेवली. हात पुसले. आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कागदी पिशवी होती. ती त्यांनी आमच्या पायांशी उलटी केली.

काळ्या प्लास्टिकचा एक वितळलेला गोळा पडला. एका बाजूनं काच चिकटलेली. मधून आरपार तडा.

"घ्या. चालू करून दाखवा मला."

होरिया वाकला, पण त्यानं हात लावला नाही.

"डॉक्टरनं दिली. ह्यांच्या हातात होती, मुठीत. बोटं उघडावी लागली." काकू बोलत होत्या, पण सगळं लक्ष माझ्याकडे होतं. "आणि हे तुम्ही का विचारताय?"

होरियानं सांगून टाकलं. विमान, नंबर, साडेसहाची वेळ, सगळं. मला वाटलं, बाई रडतील, छातीवर क्रूसाची खूण करतील.

त्या चिडल्या. असा संताप मी कुणाच्या तोंडावर बघितला नव्हता.

"तुमच्याकडे? तुमच्याकडे येतो तो?"

"काकू..."

"वर्षभर मी दिवा लावतेय. रोज दोन ताटं वाढतेय. एकदा दार वाजलं नाही. एकदा स्वप्नात आला नाही मेला! आणि तुमच्याकडे येतो? तुमचं काय देणं लागतो तो?"



"मला घेऊन चला," काकू म्हणाल्या. "मला बघायचाय."

"दिसत नाही तो, काकू. नुसतं स्क्रीनवर..."

"मला दिसेल. बायको आहे मी त्याची."

होरिया नको म्हणत होता. मी म्हटलं, नेऊ या. खरं कारण सांगते. मला वाटलं, ती समोर असेल तर तो आम्हाला काही करणार नाही.

वीस जून. मंगळवार.

ड्रोनच्या टाकीत त्या दिवशी औषध नव्हतं. साधं पाणी होतं, तेही मीच भरलेलं. उडवायचं आणि बघायचं, एवढंच ठरलं होतं. गाडी रस्त्यावर लावून आम्ही सूर्यफुलात गेलो. काकूंनी केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता. लग्नात घालतात तसे कानात डूल होते.

सहा एकतीस. चंडोल ओरडत होते.

सहा तेहतीस. ओरडत होते.

सहा चौतीस...

बंद.

स्क्रीनवर विमान उगवलं. सहाशे मीटर. पॉप्लरच्या बाजूनं.

"आला," मी म्हटलं.

काकू झाडांकडे धावल्या. दोन्ही हात वर करून हाका मारू लागल्या. "सिमियॉन! अहो, इकडे! मी आहे इकडे!" ज्या हवेत काहीच नव्हतं त्या हवेला हात दाखवत होत्या.

स्क्रीनवरचं विमान त्यांच्या डोक्यावरून सरळ पुढे आलं. थबकलं नाही. वळलं नाही.

होरियानं ड्रोन उतरवला, रिमोट माझ्याकडे दिला. बॅटरी काढून लांब फेकली. मग तो माझ्यापासून दूर चालायला लागला, डाव्या हाताला, रस्त्याच्या दिशेनं.

आणि मी बघितलं...

त्या छोट्या विमानाचं नाक वळलं.

ते ड्रोनकडे येत नव्हतं. माझ्या हातातल्या रिमोटकडेही नाही. होरिया डावीकडे चालला की नाक डावीकडे. तो थांबला की नाक थांबायचं. तो उजवीकडे पळाला. नाक उजवीकडे.

"दादा! तुझ्यावर आहे! तुझ्यावरच आहे ते!"

तीनशे. अडीचशे.

होरिया थांबला. मला वाटतं, त्याला तेव्हा कळलं की पळून उपयोग नाही. त्यानं झाडांकडे तोंड केलं आणि मोठ्यानं ओरडला.

"मी वर होतो! ड्रोन वर होता! मी तुमच्या वाटेत आणला! मी खोटं बोललो!"

काकू जागच्या जागी वळल्या. त्यांचे हात अजून वरच होते.

"ऐकलंत ना? मी केलं! बास आता!"

दीडशे. शंभर.

"विमान जवळ आहे. ताबडतोब खाली उतरा."

साठ. चाळीस.

एकही आवाज नाही. इंजिन नाही, वारा नाही. नुसतं ऊन, आणि त्यात तोंड वर करून उभा असलेला माझा भाऊ.

वीस.

शून्य.

होरियानं दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले आणि किंचाळला.

मी पोचले तेव्हा तो मातीत गडबडा लोळत होता. त्याचे केस, चेहरा, शर्ट, सगळं ओलं. बारीक थेंबांनी. धुक्यातून चालत आल्यासारखं. वास इतका उग्र होता की माझ्या घशाला आग लागली. त्याच्या मागेपुढे सूर्यफुलांवर ओला पट्टा पडला होता. सरळ. रुंद. पॉप्लरपासून निघालेला, होरियाच्या अंगावरून रस्त्याकडे गेलेला. विमानानं फवारल्यावर पडतो अगदी तसा.

वर आकाशात एक ढग नव्हता.

काकू त्याच पट्ट्यात उभ्या होत्या. बरोबर मधोमध.

त्यांच्या अंगावर थेंबही नव्हता.

त्यांनी हात खाली घेतले. आपली कोरडी बाही चाचपून बघितली. मग झाडांकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "बघितलंसुद्धा नाहीस."

हॉस्पिटलमधल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं मला बाजूला घेतलं.

"कुठलं औषध फवारत होतात तुम्ही?"

"पाणी. टाकीत पाणी होतं."

"बाई, मला खरं सांगा. डोळ्यांचा प्रश्न आहे. हा वास मी ओळखतो. मी शिकत होतो तेव्हा विमानानं मारायचे हे. कधीच बंद झालं ते. तुम्हाला कुठे मिळालं?"



होरियाचे डोळे वाचले नाहीत. उजेड-अंधार कळतो, तेवढंच.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर त्यानं चौकशीवाल्यांना बोलावून घेतलं आणि सगळं कबूल केलं. सगळं म्हणजे... एक गोष्ट सोडून. त्यानं सांगितलं की बहीण तेव्हा पाणी भरायला गाडीशी गेली होती. तिनं काहीच बघितलं नाही. आपण सांगितलं म्हणून तिनं सही केली. आवाज आपणच बंद केला.

मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी काही बोलले नाही.

त्याची केस अजून चालू आहे. आंधळ्या माणसाला तुरुंगात टाकणार नाहीत, असं वकील म्हणतो. ड्रोन विकला. मी गाव सोडलं. आता समुद्राकाठच्या मोठ्या शहरात एका इमारतीत भाड्यानं राहते, एका कारखान्यात काम करते. पत्ता गावात कुणाला दिलेला नाही. होरियालाही नुसता फोन नंबर दिलाय, इमारतीत राहते हेसुद्धा सांगितलेलं नाही. महिन्यातून एका रविवारी त्याला भेटायला जायची.

त्याच्याकडे रोज कोण येतं माहीत आहे?

वेतुरिया काकू.

सूप आणतात. त्याला भरवतात. भांडी घासतात. मग त्याच्या खाटेशी खुर्ची ओढून बसतात. संध्याकाळी सहा ते सात. बोलत नाहीत. गावातले म्हणतात, बाईचं मन मोठं, ज्यानं नवरा मारला त्याची सेवा करते.

मन मोठं नाही. त्या वाट बघतात. नवरा जिथे येतो, तिथे जाऊन बसतात.

मागच्या वेळी मी गेले तेव्हा काकू स्वयंपाकघरात भाज्या चिरत होत्या. पाठमोऱ्या. मी पाणी प्यायला आत गेले.

"काल आला होता," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"माझा. स्वप्नात. पहिल्यांदा."

मी ग्लास खाली ठेवला.

"बरा दिसत होता. खुर्चीत बसला. मी ताट वाढलं, तर नको म्हणाला. एकच गोष्ट विचारायला आला होता." सुरी चालूच होती. "म्हणाला... ती बटण दाबणारी पोरगी कुठे राहते?"



बटणाचं दोघांनाच माहीत होतं. होरियाला आणि मला.

"दादानं सांगितलं तुम्हाला?"

"तो कशाला सांगेल? तो तर तुझं नावसुद्धा काढत नाही."

"मग... मग तुम्ही काय म्हणालात, काकू?"

त्यांनी भाज्या पातेल्यात टाकल्या. झाकण ठेवलं. मग वळल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्यांच्या कानात ते डूल होते.

"वर्षभर ज्याची वाट बघितली, तो नवरा एक गोष्ट मागतो. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"तुम्हाला माझा पत्ता माहीत नाही."

"नाही," काकू म्हणाल्या. "काल तेच सांगितलं त्याला. जरासा रागावला."

मी त्याच दुपारच्या बसनं परत आले. त्यानंतर गावी गेलेले नाही. हे सगळं लिहून टाकलं की कदाचित बरं वाटेल म्हणून लिहितेय. बटण मी दाबलं. कुणाला विचारायचं असेल त्यानं मला विचारावं. होरियाला आता काही करू नका.

काल त्याचा फोन आला होता. आवाज चांगला होता, बऱ्याच दिवसांनी. सूप छान झालं होतं म्हणाला. हवेचं बोलला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तू कितव्या मजल्यावर राहतेस गं?"

"का रे दादा?"

"काही नाही. वेतुरिया काकू विचारत होत्या."